खुराड्याची कडी

नाना आणि आक्का यांना साष्टांग नमस्कार,

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, जेवलास का?" म्हणून विषयच संपवता. म्हणून हे चार लोकांसमोर लिहितोय. तुमचा मुलगा वाचून दाखवेलच.

पुण्याहून निघालो तेव्हा तीन आठवडे धड झोप नव्हती. ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणारा तुमचा मुलगा म्हणाला, "जा चार दिवस आमच्या शेतावर." जळगावला उतरलो, चोपड्याची एसटी धरली, तापी ओलांडली. तुमच्या शेतात पोचलो तेव्हा उत्तरेकडचा सातपुडा अजून धुक्यातच होता. मला वाटलं, आता पगार किती, लग्न कधी, सगळं निघणार. आक्कांनी निंबाखालची बाज दाखवली. "बठ ना, काय घाई शे?" एवढंच.

त्या बाजेवरून मी दोन दिवस नुसत्या कोंबड्या बघितल्या. एक तांबडी काळ्या मातीत खड्डा करून, पंख पसरून, डोळे मिटून आडवी झाली, तेव्हा मी घाबरून हाक मारली होती. नाना हसले. अंगातल्या उवा-पिसवा घालवायला लोळतात म्हणे. उठून तिने अंग झाडलं, तो सगळा धुरळा माझ्या चहात. आणि तो तुमचा तुऱ्याचा कोंबडा! केळीच्या पाचोळ्यात दाणा सापडला की स्वतः न खाता कुक-कुक करून कोंबड्यांना बोलवायचा. मी त्याचं कौतुक केलं तर नाना म्हणाले, "दर वेळी दाणा असतोच असं नाही हं." त्यानंतर मी नीट लक्ष ठेवलं. खरंच नसायचा.

घार दिसली की त्याच कोंबड्याचा आवाज पार बदलायचा आणि अख्खं अंगण कपाशीत गडप. मुंगसासाठी ओरडणं वेगळं, असं नानांनी सांगितलं होतं. ते मला ऐकायला मिळालं असतं तर बरं झालं असतं, पण त्याकडे येतोच.

दुसऱ्या रात्री आक्कांनी खुडूक कोंबडीखालची अंडी तपासली. बारा अंडी, सातवा दिवस. अंधारात एकेक अंडं माझ्याच मोबाईलच्या टॉर्चवर धरलं. आत कोळ्यासारखं लाल जाळं आणि मधे एक ठिपका, हलणारा. मी श्वास धरून बघत होतो, आणि कोंबडी माझ्या मनगटावर चोची मारत होती. दोन अंडी कोरी निघाली, ती आक्कांनी बाजूला ठेवली. दहा परत पोटाखाली गेली.

खुराडं त्या रात्री मी बंद केलं. आक्कांनी विचारलं, कडी लावली? मी हो म्हणालो. दार ओढलं होतं, कडी लावली नव्हती. सकाळी बांधाजवळ पिसं पडलेली. महिनाभरात अंड्यावर येणारी तलंग गेली होती. मी सांगितलं की चूक माझी. नाना पिसं उचलून उकिरड्यावर टाकायला गेले, आक्का चुलीकडे. दिवसभर कुणी विषय काढला नाही. मला वाटलं, आता दुपारच्या गाडीनेच निघावं.

संध्याकाळी कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, बडगीत मिरची-लसूण घालून ठेचली. कळण्याच्या भाकरीबरोबर मी ते भरीत मान खाली घालून खाल्लं. हात धुतले तर आक्का म्हणाल्या, "आज कडी तूच लाव." सहज, मीठ मागावं तसं. मी लावली. परत जाऊन हात लावून बघितली. निंबावर चढून बसलेल्या तिघींना आक्कांनी सांगितलं तसं अंधार पडल्यावर अलगद काढून आत घातलं होतं, त्या मोजल्या. मग बाजेवर पडलो तो सकाळी ऊन तोंडावर आलं तेव्हा उठलो. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

आक्का, ज्याने आदल्याच रात्री घालवलं त्याच्याच हाती परत कडी देणं सोपं नसतं. माझ्या हाताखाली पाच माणसं आहेत. कुणी फाईल चुकवली की ती मी काढून घेतो आणि रात्री जागून स्वतः पूर्ण करतो. आता एक मुलगा आहे, त्याने गेल्या आठवड्यात घोळ घातला. त्याला तेच काम परत दिलं. पोटात गोळा आला होता, खोटं कशाला बोलू.

आणि नाना, तलंगेचे पैसे मी उशीखाली ठेवले होते. ते ज्वारीत पुरून दिलेल्या अंड्यांच्या डब्यात, अगदी तळाशी सापडले. अंडं एकही फुटलं नव्हतं.

एकविसाव्या दिवशी मी ऑफिसच्या जिन्यात उभं राहून फोन केला. आक्कांनी काही न सांगता फोन डालग्याशी नेला. आधी काहीच नाही. मग बारीक चिवचिव, एक, मग दुसरी, मग मोजता येईना. "किती?" मी विचारलं. तेवढ्यात ठक्क आवाज झाला, आक्का हसायला लागल्या आणि फोन कटला. कोंबडीने चोच मारली असणार.

तुमचा,
बाजेवरचा पाहुणा