मेंदूच्या या आजाराची मोजणी साठीच्या आतही व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियात, म्हणजे मेंदूच्या पुढच्या व बाजूच्या भागांची झीज होऊन जडणाऱ्या बुद्धिभ्रंशात, स्मरणशक्ती सुरुवातीला बऱ्यापैकी शाबूत असते. बिघडते ते वागणे किंवा बोलणे, आणि तेही बहुधा ४५ ते ६५ या कमावत्या वयात. व्यवहाराला चोख असलेला माणूस पैसे उधळू लागतो, मितभाषी माणूस चारचौघांत अद्वातद्वा बोलतो, आणि घरचे त्याला आधी देवर्ष्याकडे नेतात. प्रागच्या अर्नोल्ड पिक यांनी असा रुग्ण १८९२ मध्येच नोंदवला होता. तरीही या आजाराच्या प्रमाणाचे आकडे प्रामुख्याने युरोप-अमेरिकेतलेच आहेत: ४५ ते ६४ वयोगटात लाखामागे साधारण १५ ते २२.

हा दर आपल्याकडे जसाच्या तसा लावता येत नाही. फिनलंडसारख्या देशांत या आजारामागे वारंवार आढळणारा सी-नाइन-ओआरएफ-७२ जनुकातील बदल आशियात विरळ आहे. पण म्हणून इथे आजारच कमी, असेही म्हणता येणार नाही. कारण ज्या देशव्यापी ‘लासी-डॅड’ पाहणीतून ७.४ टक्के ज्येष्ठांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज निघाला, तिच्यात साठीच्या आतले कुणी नव्हतेच.

रुग्णालयांच्या नोंदींवर विसंबावे, तर सीमाभागात तेही फसते. निपाणीचा रुग्ण कोल्हापूरला किंवा मिरजेला जातो, खानापूरचा बेळगावला किंवा हुबळीला, आणि एकाच जिल्ह्याचे रुग्ण दोन राज्यांच्या दप्तरांत विखुरतात (सीमाप्रश्न इथेही आडवा येतोच!). त्यात मराठी घरातल्या माणसाची चाचणी कन्नडमध्ये घेतली, तर शब्द आजारामुळे सुचत नाहीत की भाषेच्या अडचणीमुळे, हे ठरवणार कसे? हैदराबादेत ६४८ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये डिमेन्शियाची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाल्याचे दिसले. मराठी, कन्नड आणि उर्दू रोज कानावर पडणाऱ्या आपल्या भागात म्हणूनच अशा मोजणीला वेगळे मोल आहे.

मात्र इतक्या विरळ आजारासाठी दोन-चार हजार लोकांची पाहणी पुरणार नाही. तीत कदाचित एकही रुग्ण सापडणार नाही. कर्नाटक सरकार आणि निम्हान्स (बेंगळुरूची मानसिक आरोग्य व मेंदूविकारांची राष्ट्रीय संस्था) यांनी बेळगाव जिल्ह्यात आशा कार्यकर्त्यांमार्फत ४५ वर्षांवरील सर्वांची प्राथमिक विचारपूस करावी, स्वभावातील बदलाविषयीचे प्रश्न रुग्णापेक्षा घरच्यांना विचारावेत, संशयितांची चाचणी त्यांच्या घरच्या भाषेत घ्यावी आणि कोल्हापूर-सांगलीतील रुग्णालयांकडूनही बेळगाव जिल्ह्यातील रुग्णांची माहिती, नावे वगळून, मागवावी.

आपला,
एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)