मुक्कामी गाडी

ख्राइस्टचर्च, न्यूझीलंड, ३ जानेवारी

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार. भाड्याची गाडी काल परत केली. हॉटेलच्या गादीवर झोप येईना, म्हणून पहाटे पाचलाच लिहायला बसलोय. बारा रात्री गाडीत काढल्यावर, कूस बदलली तरी पलंग हलत नाही याचंच चुकल्यासारखं वाटतं. सुरुवातीची हकिगत तुला फोनवर सांगितलीच आहे, आता शेवटच्या दिवसांची ऐक.

झोपायची-रांधायची सोय असलेली ही मोटरहोम पाहताच आप्पा म्हणाले होते, "म्हणजे मुक्कामी गाडीच की!" एसटीतल्या ड्रायव्हरकीच्या एकतीस वर्षांपैकी कितीतरी रात्री त्यांनी जोर गावच्या मुक्कामाला काढल्या. देवळापुढे गाडी लावायची, बाकांवर सतरंजी टाकायची आणि पहाटे पहिली फेरी वाईला. त्यामुळे गाडीत झोपायचं त्यांना अप्रूप नव्हतं. संडास मात्र त्यांनी शेवटपर्यंत वापरला नाही. "गाडीत? छे." त्याची पेटी रिकामी करायचं काम अर्थात माझ्याकडे. डम्प स्टेशनवर, म्हणजे मैला ओतायच्या जागी, हातमोजे घालून, नाक मुरडून उभा असायचो. आप्पा लांबून सूचना द्यायचे आणि नातवंडं फोटो काढायची.

माउंट कुकच्या पायथ्याशी, व्हाइट हॉर्स हिलच्या तळावर आमचा शेवटून दुसरा मुक्काम. शिखर ३,७२४ मीटर, माओरी नाव आओराकी. तिथे विजेची जोडणी नाही, त्यामुळे गाडीतल्या बॅटरीवर जपून दिवे लावायचे. सूर्य मावळायला साडेनऊ वाजून जातात, पोरं झोपायचं नावच घेत नाहीत. मुगाची खिचडी शिजत होती तेवढ्यात समोरच्या डोंगरावरून घरंगळल्यासारखा मोठा आवाज झाला. धाकटी म्हणाली, पाऊस येतोय. आभाळ तर स्वच्छ. वर कुठेतरी बर्फाचा कडा सुटला होता. रात्रभर असं अधूनमधून चालू होतं. दर वेळी आप्पा उठून बसायचे आणि हँडब्रेक ओढलाय ना, विचारायचे.

दुसऱ्या दिवशी पुकाकी तलावाच्या काठाने निघालो. पाणी इतकं निळं, की कुणी नीळ कालवलीय म्हणावं. हिमनदीने दगड दळून केलेली पिठी पाण्यात तरंगत राहते, तिच्यामुळे हा रंग. पण मला बघायला सवड कुठली! वाऱ्याने गाडीला अशा थपडा मारायला सुरुवात केली, की स्टिअरिंग सोडवेना. उंच पत्र्याची गाडी, आडवा वारा. आप्पा शेजारी बसलेले. वाहनं इथेही डावीकडूनच चालतात, तेव्हा सल्ला द्यायला त्यांना काहीच अडचण नाही. "चाळीसवर आण. समोरून ट्रक आला की गाडीला हिसका बसतो. हात घट्ट ठेव." अगदी तसंच झालं. मागे कपाटाची कडी लावायची राहिली होती. चिवड्याचा डबा उघडून बिछानाभर पसरला. हिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती तुला लग्नाआधीपासून ठाऊक आहे.

शेवटची रात्र टेकापो गावात. तिथलं आभाळ काळोखासाठी राखून ठेवलंय, आसपासच्या दिव्यांवर बंधनं आहेत. अकरानंतर आम्ही गोधड्या घेऊन बाहेर आलो. पोरं मोबाइल वर धरून नक्षत्रं शोधत होती. आप्पांना मोबाइल लागला नाही. जोरला घड्याळापेक्षा मृगावर त्यांचा भरवसा होता. थंडीत मृग पश्चिमेकडे कलला की उठायचं आणि इंजिन गरम करायचं. इथे उत्तरेकडे त्यांना तो दिसला खरा, पण बराच वेळ ते नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "अरे, हा उताणा पडलाय."

खरंच की! मृगाचे पाय आभाळाकडे आणि व्याध त्याच्याही वर. आपल्याकडे दक्षिणेला खालीच राहणारा अगस्ती इथे पार वर चढलेला. दक्षिणेला खाली त्रिशंकू. थोरल्याने पृथ्वीच्या गोलावर आपण उलटे कसे उभे आहोत ते समजावलं. आप्पांनी ऐकून घेतलं. "मग इथला ड्रायव्हर उठत असेल कशावर?" याला कुणाकडे उत्तर नव्हतं. आम्ही आत गेलो, ते मात्र कितीतरी वेळ बाहेर होते.

काल इथवरचा सुमारे २३० किलोमीटरचा रस्ता सरळच होता. सांडपाणी सोडलं, डिझेल भरलं, गाद्यांखालून निघेल तेवढा चिवडा वेचला. इथे डिझेलच्या गाडीला रस्त्याचा कर किलोमीटरवर पडतो, म्हणून काउंटरवरच्या मुलीने आकडा वाचला: १,९६४. आप्पांनी खिशातून डायरी काढली. रोजचे किलोमीटर, मुक्काम, डिझेल, सगळं रकाने आखून लिहिलेलं. बेरीज १,९६४. त्यांनी ती डायरी मुलीपुढे सरकवली. तिला देवनागरी आकडे काय कळणार, पण तिने मान डोलावली.

रात्री मी ती डायरी चाळली. शेऱ्याच्या रकान्यात शेवटची ओळ होती: "गाडी सुस्थितीत जमा. तक्रार नाही. संडास वापरला नाही."

रविवारी पोचतो. स्टेशनवर येऊ नकोस, घरीच ये. आप्पा तुला डायरी वाचून दाखवणार आहेत, तेव्हा वेळ काढूनच ये.

तुझाच,
पक्या