टक्क्यासोबत मोजणीही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समाजमाध्यमांवरील शिवीगाळीच्या सर्वेक्षणांची बातमी येते तेव्हा मथळ्यात टक्का असतो. तो कसा काढला, हे मात्र बातमीत शोधूनही सापडत नाही.

‘तुम्हाला कधी ट्रोल केले का?’ असा गुगल फॉर्म व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरवला, की ज्यांना त्रास झाला आहे तेच तो आधी भरतात. शिवाय ट्रोलिंग म्हणजे टोमणा, शिवी की धमकी, हे जो तो आपापले ठरवतो. अशा उत्तरांतून काय काय घडते ते कळते, किती जणांच्या बाबतीत घडते ते नाही. नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरोचे आकडेही नोंदलेल्या गुन्ह्यांचेच असतात, आणि एका एफआयआरमध्ये अनेक कलमे असली तरी मोजणीत सर्वांत गंभीर गुन्हा तेवढा धरला जातो.

म्हणून अभ्यासक पोस्टखालच्या प्रतिक्रियाच गोळा करतात. इथे पहिली चूक वेळेची होते. सर्वांत घाणेरडा मजकूर तक्रारीनंतर काढला जातो. आठवड्याने गोळा केला तर हाती निवळलेले पाणी येते. तासाभराने, २४ तासांनी आणि सात दिवसांनी अशी तीनदा नोंद घ्यायला हवी.

दुसरी चूक शिव्यांची यादी करून संगणकावर शोधण्याची. ‘ताई, घर सापडलं हं तुमचं’ यात वावगा शब्द एकही नाही; पण अनोळखी माणसाने लिहिले तर ती धमकी आहे. ‘मेल्या, फोन का उचलत नाहीस?’ यात शिवी आहे, वैर नाही. पुण्याच्या एल३क्यूब या भाषा-तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या संशोधक गटाने २०२२ साली २५ हजारांहून अधिक मराठी ट्वीटचा संच तयार केला, त्यात द्वेषपूर्ण, आक्षेपार्ह आणि शिवराळ हे वर्ग वेगळे ठेवले आहेत, ते योग्यच आहे. रोमन लिपीतल्या मराठीत तर एकच शब्द चार तऱ्हांनी लिहिला जातो, आणि यादीच्या हातून निसटतो.

त्यामुळे वर्गवारी माणसांनीच, किमान दोघांनी, एकमेकांचे न पाहता करावी लागते. ‘दोघांचे ८८ टक्के जुळले’ हे वाक्य ऐकायला भक्कम वाटते. पण १०० प्रतिक्रियांपैकी दोघांनी प्रत्येकी १० वाईट ठरवल्या असतील, तर डोळे मिटून खुणा केल्या तरी सुमारे ८२ जुळतात. ८८ जुळल्या याचा अर्थ, कुणा एकाने तरी वाईट ठरवलेल्या १६ पैकी फक्त चारांवर एकमत आहे. योगायोगाने जुळलेले वजा करून एकमत मोजणारा ‘कोहेनचा कॅपा’ हा निर्देशांक (पूर्ण एकमत असेल तर १) इथे जेमतेम ०.३३ येतो. मतभेदाच्या त्या १२ प्रतिक्रिया समोर ठेवून व्याख्या पुन्हा लिहायची आणि नव्या १०० घ्यायच्या, हाच उपाय. हे काम कंटाळवाणे आहे, पण निष्कर्षाचा सगळा भार त्यावरच असतो.

‘विकृत माणसेच असे लिहितात’ हेही तपासून घ्यावे. स्टॅनफर्ड आणि कॉर्नेलच्या संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मनःस्थिती चांगली आणि आधीच्या प्रतिक्रिया साध्या असताना लिहिलेल्या प्रतिक्रियांपैकी ३५ टक्के ट्रोलसारख्या होत्या. मनःस्थिती बिघडलेली आणि आधीच्या प्रतिक्रियाही वाईट असताना हेच प्रमाण ६८ टक्के झाले. म्हणजे पोस्टखाली आधी काय लिहिले गेले आहे, तेही नोंदवले पाहिजे.

शेवटची विनंती आपल्यालाही आहे. नमुना म्हणून प्रतिक्रिया जशीच्या तशी छापू नये. नाव झाकले तरी ते वाक्य शोधयंत्रात टाकले की मूळ पोस्ट आणि जिला त्रास झाला ती व्यक्ती, दोन्ही समोर येतात. वाक्य बदलून लिहावे, मग तेच स्वतः शोधून पाहावे, आणि काही सापडले नाही तरच छापावे.

आपले,
समाजशास्त्राचे काही अध्यापक