तू रूममेटला सांगितलंस का?

चि. प्राजूस,
अनेक आशीर्वाद.

वर्ध्याला गाडी सुटली तेव्हा तुझी पाण्याची बाटली अर्धीच होती. दिवसाला 3 लिटर, परीक्षेच्या दिवसांत तर मोजूनच पी. सिकलसेलमध्ये पाणी कमी पडलं की रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकतात, हे तुला माझ्याहून जास्त कळतं. तरी लिहिते.

हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल रोज ठरल्या वेळी. एखाद्या दिवशी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नकोस. दुखणं थांबलं म्हणून सोडूही नकोस, थांबलं ते तिच्यामुळेच. दर 3 महिन्यांनी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची तपासणी, कर. या कॅप्सूलने पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घटल्या तर ते अंगावर दिसत नाही, रिपोर्टमध्येच कळतं. फॉलिक अ‍ॅसिडची 5 मिलिग्रॅमची गोळी चालूच.

रूममेटला सांगितलंस का?

सातवीत होतीस तेव्हा रात्रभर उशीचा कोपरा दातांत धरून पडून राहिलीस, सकाळी गुडघे टरारून सुजलेले. शेजारच्या खाटेवर मी, आणि मला पत्ता नाही. घरात असं झालं, तर तिथे कोणाला कळणार?

पाय-पाठ ठणकायला लागली की आधी पाणी, गरम पाण्याची पिशवी, पॅरासिटामॉल. बर्फ कधीच नाही, गारव्याने नसा आवळतात. औषधाच्या दुकानातून आपल्या मनाने दुखण्याची दुसरी गोळी आणू नकोस, किडनीवर येतं. ताप 101 वर गेला तर गोळी घेऊन झोपायचं नाही, थेट दवाखाना. या आजारात प्लीहा निकामी होते, म्हणून साधा संसर्गही झपाट्याने पसरतो. छातीत दुखलं, धाप लागली तर सकाळची वाट पाहू नकोस, रात्रीच जा. आणि तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य ‘मला सिकलसेल आहे, एसएस’ हेच. एसएस म्हटलं की आजार आई-बाबा दोघांकडून आलाय, नुसती वाहक नाहीस, हे त्यांना कळतं.

बघ, पुन्हा शाळा भरवली मी. रागावू नकोस. इलेक्ट्रॉनिक्सची यादी लागली तेव्हा बाबांनी ती तीनदा वाचली, मग काकूला फोन लावून परत वाचून दाखवली. दोनदा रक्त चढवून बारावीचे पेपर दिलेस तू. तुझ्या हिमतीची मला कधी शंका नव्हती. भीती वाटते ती तुझ्या गप्प बसण्याची.

पावसाळ्यात सगळी सिंहगडावर भिजायला जातील. तूही जा. कोरडा स्वेटर आणि मोजे पिशवीत असू देत, वर पोचलीस की लगेच बदल, चढताना दम लागला तर बस.

कॉलेजच्या ऑफिसात प्रमाणपत्राची झेरॉक्स दे. 2016 च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आहे, तो तुझा हक्क आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

बाबांनी थर्मामीटर हिरव्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवलाय. तो कुठे आहे ते रूममेटला दाखव. आजच.

तुझी
आई