नोव्हगोरोदच्या आजी, मनापासून थँक्यू

आजी,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. वेलिकी नोव्हगोरोदच्या इलिना स्ट्रीटवरच्या चर्चमध्ये दाराजवळ खुर्चीवर शाल घेऊन बसलेल्या आजी, एवढीच ओळख माझ्याकडे आहे. भाचा तिकडेच एमबीबीएस करतोय, तो हे पत्र रशियनमध्ये करून तुम्हाला वाचून दाखवणार आहे.

आम्ही दोघं आलो होतो, मी आणि बाबा. बाबांनी ३५ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली आणि फेओफान ग्रेक या ग्रीक चित्रकाराची तुमच्या चर्चमधली भिंतींवरची चित्रं एकदा डोळ्यांनी बघायचीत हे मी लहानपणापासून ऐकत आलोय, १३७८ साली त्याने रंगवलेली, आणि चर्च त्याच्याही चार वर्षं आधीचं. खालून घुमटातला ख्रिस्त दिसला, काय ते डोळे! पण खरी जपलेली चित्रं वर, त्या कोपऱ्यातल्या छोट्या खोलीत, आणि तिकडे जायला भिंतीच्या आतून जाणारा अंधारा अरुंद जिना. बाबांचे दोन्ही गुडघे गेलेत. मीच म्हटलं की तुम्ही खाली बसा, मी फोटो काढून आणतो, ते बरं म्हणाले आणि बाकावर बसले. त्यांचा चेहरा मी नीट बघितलाच नाही आजी, तो तुम्ही बघितलात.

तुम्ही उठलात, मागून आलेल्या ग्रुपला हाताने थांबवलंत, बॅटरी घेतलीत आणि बाबांच्या पुढे एकेक पायरी मागे वळून उजेड दाखवत चढलात. तुमचंही वय काही कमी नाही. दोनदा बाबा थांबले, दोनदा तुम्ही पण थांबलात, घाई नाही की काही नाही.

वर गेल्यावर बाबा बराच वेळ बोललेच नाहीत. अब्राहमकडे पाहुणे आलेले तीन देवदूत, तो पांढऱ्या केसांनी अंग झाकलेला मकारी साधू, सगळं तांबूस मातीच्या रंगात आणि वर पांढऱ्याचे पटापट मारलेले फटकारे. मग हळूच म्हणाले, अरे याने ब्रश उचलल्यावर परत दुरुस्ती केलीच नाहीये. तुम्हाला मराठी कळलं नाही तरी तुम्ही मान हलवलीत.

मग फोनच्या ट्रान्सलेटरवर तुम्ही नेरेदित्साबद्दल सांगितलंत, ११९८ चं चर्च, १९४१ मध्ये तोफांच्या माऱ्यात पडलं आणि भिंतींवरची बहुतेक चित्रं तिथेच संपली. चर्च परत बांधलं, चित्रं कुठून आणणार. तेव्हा कळलं की तुम्ही त्या खुर्चीवर रोज कशासाठी बसता.

आणि निघताना दिलेलं ते पोस्टकार्ड! ओन्फीम नावाच्या सहा-सात वर्षांच्या पोराने तेराव्या शतकात भूर्जाच्या सालीवर कोरलेला घोडेस्वार, बाजूला स्वतःचं नाव. बाबा म्हणाले, माझ्या पहिलीच्या वर्गात असे घोडे दर वर्षी निघायचे. ते कार्ड त्यांच्या टेबलाच्या काचेखाली आहे.

त्या दिवशी मी नुसतं स्पासिबा म्हणालो आणि टॅक्सी आली म्हणून निघालो, ते फार लागून राहिलंय. बाबांनी आठवणीतून तुमचा बॅटरी धरलेला हात काढलाय, पेन्सिलने. भाच्याकडे पाठवतोय, त्याच्यासोबत घरच्या बेसनाच्या लाडवांचा डबा आहे, तोही तुमचाच.

तुमचा,
त्या चित्रकलेच्या सरांचा मुलगा