तुझा रेट काय सांगू?

प्रिय चिमे,

फोनवर बोलायला लागलो की मी जेवलीस का, पाऊस आहे का, एवढंच विचारतो आणि आईकडे फोन देऊन मोकळा होतो, म्हणून हे टाइप करतोय. लांब झालंय, लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर वाच.

परवा तू आईला म्हणालीस म्हणे, "पप्पांनी परत कुणाला काय कबूल केलंय का ते आधी विचार, मगच दिवाळीला यायचं तिकीट काढते." आईनं हसत हसत सांगितलं, मीपण हसलो, पण रात्री झोप लागेना. कारण मला वाटत होतं की अख्ख्या खानदानात पोरीच्या चित्रकलेला सपोर्ट करणारा बाप एकच आणि तो मी.

मग पडल्या पडल्या हिशोब लावत बसलो, हिशोब लावायची सवयच आहे माझी. नववीत तुला इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला ए ग्रेड मिळाली, दहावीला त्याचे ७ मार्क वाढून येणार म्हणून मी अख्ख्या कारखान्यात पेढे वाटले. तिथनं सुरू झालं. काकाच्या नाश्ता सेंटरची भिंत, "चिमी काढून देईल की". मंडळाच्या गणपतीमागचा पडदा, "घरचीच पोरगी आहे". सोसायटीची पंधरा ऑगस्टची रांगोळी. आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला आलेल्या पाहुण्यांच्या पोरांची पोर्ट्रेटं, तीन पोरं, एक पण दोन मिनिटं नीट बसेना आणि तू त्यांच्या मागं मागं पॅड घेऊन फिरायलीस, आणि मी सोफ्यावर बसून कडक भाकरी नि शेंगाचटणी खात सगळ्यांना सांगायलोय की बघा हात कसा चालतो. तुला विचारलं होतं का एकदा तरी? नाही. मी शब्द देऊन यायचो आणि तुला फक्त तारीख सांगायचो.

आणि ती दादाच्या लग्नाची पत्रिका. बारावीची प्रिलिम तोंडावर आलेली, तू रात्री दोनपर्यंत नवरा-नवरीचं कार्टून काढत बसलेलीस. आत्यानं चार वेळा परत पाठवलं, नवरदेवाचं नाक मोठं झालंय म्हणून. (नाक आहेच मोठं, आपल्या घरात सगळ्यांचंच आहे, पण ते सोड.) शेवटी पत्रिका छापून आली तर खाली प्रेसवाल्याचं नाव मोबाइल नंबरसकट आणि तुझं नाव कुठंच नाही. तू काही बोलली नाहीस, फक्त पत्रिका उलटीपालटी करून बघितलीस आणि टेबलावर ठेवलीस. मला वाटलं दमली असशील.

त्यानंतर तीन-चार महिने तू चित्रच काढलं नाहीस. आई म्हणाली अभ्यासाचं टेन्शन आहे, मीपण तेच धरून चाललो.

खरं सांगू, हे सगळं मला आत्ता का कळलं, तर एका व्हाउचरमुळं. मागच्या महिन्यात कारखान्यात नवीन चादरीचं काम निघालं, मधे मोर आणि काठाला वेल. तुला माहिताय आमच्याकडं थोडे माग अजून कार्डावरच चालतात, डिझायनर आधी ग्राफवर चौकटी भरून मोर काढतो आणि मग त्या ग्राफच्या एकेका ओळीचं एकेक कार्ड पंच होतं, भोक असेल तिथं धागा वर उचलला जातो, नसेल तिथं नाही. एक भोक चुकलं की जेवढे मोर तेवढ्या वेळा तीच चूक त्याच जागी. तर सॅम्पल बघून मालक म्हणाले मोराची मान जरा अजून वळवा. डिझायनर म्हातारा माणूस, चष्मा पुसत शांतपणे म्हणाला, वळवतो की, पण तेवढी कार्डं नवीन पंच करावी लागतील, त्याचे पैसे वेगळे. मालकांनी मान हलवली आणि मी व्हाउचर लिहिलं. वीस वर्षं असली व्हाउचरं मीच लिहितोय आणि एकदाही कुणाला म्हणालो नाही की अहो नुसती मान तर वळवायचीय, द्या करून. पेन तसंच हातात राहिलं, कारण डोळ्यासमोर ते नाक आलं.

बाहेरच्या माणसाच्या मोराच्या मानेचे पैसे आणि घरच्या पोरीनं चार वेळा बदललेलं नाक फुकट. आणि वर त्यालाच मी सपोर्ट म्हणत होतो.

नावाचं म्हणशील तर इकडं पण उजेडच आहे. सोलापुरी चादरीला २००५ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, गावाचं नाव कायद्यानं राखलं गेलं, पण चादरीच्या लेबलवर मोर कुणी काढला ते कधी वाचलंयस का? मी तर नाही वाचलं. त्या म्हाताऱ्याचं नाव फक्त माझ्या व्हाउचर बुकात आहे.

तुझ्या मामाचं आठवतं ना, तू मुंबईच्या जेजे आर्ट स्कूलचा फॉर्म भरायलीस तेव्हा येऊन बसला होता. "जब्बार पटेल बघा, आपल्याच जिल्ह्यातले, आधी लहान मुलांचे डॉक्टर झाले, दौंडला दवाखाना चालवत नाटक-सिनेमा पण केला, हिला पण आधी काहीतरी पोटापाण्याचं करू दे." मी तेव्हा लय भांडलो मामाशी, पंढरपुरात जन्मलेल्या चित्रकार एम. एफ. हुसेनचं नाव काढलं, म्हटलं तो माणूस मुंबईत सिनेमाची पोस्टरं रंगवून पोट भरत होता आणि पुढं कुठं गेला बघ. जिंकल्यासारखं वाटलं तेव्हा. पण मी अर्धंच सांगितलं. हुसेनला त्या पोस्टरांचे फुटाच्या हिशोबानं पैसे मिळायचे, कमी का असेना, आणि तू रंगवलेल्या भिंतीचे फूट मी कधी मोजले? मामाला निदान तुझ्या पोटाची काळजी तरी होती, मी नुसत्या टाळ्या वाजवायलो होतो.

आता एक कामाचं. रिकामा बसलो होतो तर मोबाइलवर कॉपीराइटचं वाचलं, १९५७ चा कायदा, इंग्रजी आहे पण डोकं लावलं तर कळतं. त्याच्या कलम १७ मधे असं आहे की कुणी पैसे देऊन पेंटिंग किंवा पोर्ट्रेट काढून घेतलं आणि आधी वेगळं काही ठरलेलं नसलं, तर त्याच्या कॉपीराइटचा पहिला मालक पैसे देणारा होतो. म्हणजे काम घेतानाच एका मेलमधे लिहून घ्यायचं, चित्र कुठं वापरणार, किती दिवस, ओरिजिनल कुणाकडं राहणार. आणि कलम ५७ प्रमाणं हक्क विकले तरी हे काम माझं आहे असं म्हणायचा हक्क तुझाच राहतो. गंमत बघ, त्या पत्रिकेचे पैसेच दिले नाहीत, म्हणजे ते नाक आजपण तुझ्याच मालकीचं असणार. आत्याला सांगू का?

ते निळं निळं चित्र तू पाठवलंस त्यातलं मला काही कळलं नाही, भारी म्हणून अंगठा पाठवला ते खोटं होतं. पुढच्या वेळी कळलं नाही तर कळलं नाही म्हणेन. स्टेटसला पण तुला विचारल्याशिवाय काही लावणार नाही, जुनी लावलेली तर गेलीच आपोआप. फीचं आणि हॉस्टेलचं टेन्शन घेऊ नको, ते माझं खातं आहे. पण रात्र रात्र जागून बाहेरची कामं करतीस आणि सकाळच्या लेक्चरला झोपतीस हे मला पटलेलं नाही, त्यावर भांडण होणार, आल्यावर.

बरं, हे सगळं लिहायचं खरं कारण. काल मावशीच्या काकांचा फोन आलता. अशोक चौकात टॉवेलचं दुकान टाकायलेत, बोर्ड पाहिजे आणि पिशवीवर लोगो पाहिजे, "चिमी दिवाळीला येणारच आहे ना, देईल दोन दिवसात करून". तोंडात आलंच होतं माझ्या, हो हो का नाही. गिळलं. म्हटलं, काका, तिला विचारतो, करणार आहे का आणि किती घेणार आहे ते तीच सांगेल. तिकडं बराच वेळ शांतता, मग म्हणाले, "आता घरच्यांना पण रेट का?" मी म्हटलं, तुम्ही मला टॉवेल फुकट देणार आहे का? हसले, पण फोन लवकर ठेवला. आई तेव्हापासून माझ्याशी तुटक बोलतीय, लग्नकार्यात तोंड दाखवायचंय म्हणते.

तर दोन गोष्टी कळव. काम करायचंय का, नसेल करायचं तर तसं सांग, मी निरोप देतो आणि आईचं पण बघतो. आणि करायचं असेल तर बोर्डचा वेगळा आणि लोगोचा वेगळा रेट, बदल किती वेळा फुकट आणि त्याच्यापुढं किती, ते नीट लिहून पाठव. घरचे आहेत म्हणून कमी करायचं असलं तर तू कर, मी कुणाला शब्द दिलेला नाही.

रविवारच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसनं शेजारचा पोरगा मुंबईला येतोय, त्याच्याकडं कडक भाकरी आणि चटणी देतोय, सीएसएमटीला सकाळी घ्यायला जा. डबा परत पाठव, मागचे दोन तिकडंच आहेत.

पप्पा