आधी विहिरीच्या पाण्याची बाटली पाठव

सोलापूर,
रविवार दुपार

प्रिय सुले,

तुझा सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला गं, त्यातली चार मिनिटं मागे मिक्सर चालूये, तरी कळलं ते असं की परसात ॲक्वापॉनिक्स (एकाच पाण्यावर खाली मासे, वर मातीशिवाय भाजी) करायचंय, भावजींनी कुठनंतरी तयार किटचं कोटेशन मागवलंय आणि ह्या आठवड्यात ॲडव्हान्स पाठवायचाय. फोनच केला असता पण फोनवर तू मला बोलू देतेस होय, म्हणून लिहीत बसलीये. ॲडव्हान्स पाठवू नको. निदान हे सगळं वाचून होईपर्यंत तरी नको.

किट वाईटच असतं असं नाही म्हणत मी. पण टाकी, पंप, रोपं, मासे सगळं एकाच दिवशी दारात येतं आणि मग माणसाला दम निघत नाही, त्याच दिवशी सगळं पाण्यात सोडून मोकळा. मी तर किट न घेताच हे केलं होतं. दोन वर्षांपूर्वी भंगारवाल्याकडनं ती लोखंडी जाळीतली १००० लिटरची पांढरी टाकी आणली (आधी त्यात काय होतं ते विचारून, वास घेऊन, त्यांच्याकडे केमिकलच्याही असतात, त्या नको), वेल्डरने ग्राइंडरने वरचा फूटभर भाग कापून दिला, तो उलटा करून अँगलवर बसवला. खाली मासे, वर खडीचा वाफा, पंपाने खालचं पाणी वर चढतं आणि खडीतनं गाळून परत खाली पडतं. टाकी भरली, दोन दिवस पाणी उघडं ठेवलं, तेवढी अक्कल होती, आणि तिसऱ्या दिवशी कोई ह्या शोभेच्या माशाची चाळीस पिल्लं सोडली. कोई का, तर आमच्याकडे कोणी खात नाही. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, पाळ बाई, पण माझ्या स्वयंपाकघरात त्यांचं नाव काढायचं नाही.

पाचव्या दिवशी पिल्लं धारेखाली तोंडं वर काढून उभी. मला वाटलं भूक लागलीये, अजून दोन चिमटी खाणं टाकलं. आठवड्यात सदतीस गेली. रोज सकाळी चहाच्या आधी जाळीने मेलेली पिल्लं काढायची आणि पेरूच्या बुडाशी पुरायची. पेरू त्या वर्षी कसला आला म्हणून सांगू!

झालं काय होतं ते नंतर कळलं. मासे कल्ल्यांतनं अमोनिया सोडतात, उरलेलं खाणं कुजून पण अमोनियाच होतो. एका जातीचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, ते पण विषच, मग दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात आणि ते झाडं खातात. आता हे बॅक्टेरिया नव्या टाकीत, नव्या खडीत कुठनं येणार? दुधाला विरजण लावल्यासारखं आहे, फक्त हे दही लागायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तोवर दूध नुसतं आंबट विष असतं. मी विरजण न लावता पाहुणे जेवायला बसवले.

दुसऱ्यांदा मासे न सोडताच सुरू केलं. बॅक्टेरियाला अमोनिया तर पाहिजे, मग तो कुठनं आणायचा, तर नवसागर! आपल्या लहानपणी कल्हईवाला भांड्यात टाकायचा आणि पांढरा धूर निघायचा बघ, तोच, अमोनियम क्लोराइड. साडेसहाशे लिटर पाण्याला चार ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, की अमोनिया २ पीपीएमच्या (लिटरमागे २ मिलिग्रॅम) आसपास जातो. दुकानदार माझ्याकडे असा बघायला लागला की मला आधी कळेचना, मग आठवलं पेपरात हातभट्टीवर छापा पडला की गूळ आणि नवसागर जप्त असं कायम लिहिलेलं असतं. मी म्हंटलं काका माशांसाठी पाहिजे. त्यांनी अजूनच वेगळं बघितलं.

मग रोज टेस्ट किट. ॲक्वेरियमच्या दुकानात मिळतं, थेंब टाकून रंग बघायचा. पहिले बारा दिवस अमोनिया ढिम्म हलला नाही. मग तो उतरायला लागला आणि नायट्राइट चढलं, जांभळंगर्द. ते बघून मी धीर सोडणार होते पण शेजारच्या कॉलनीतल्या एकाच्या जुन्या फिश टँकमधला मळका स्पंज आणून वाफ्यात पिळला (हे पहिल्या दिवशीच करायला पाहिजे होतं, तू कर) आणि चौतिसाव्या दिवशी नवसागर टाकल्यावर चोवीस तासांत अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट चढलेलं. त्या दिवशी ह्यांना ती परीक्षानळी दाखवायला मी ऑफिसात फोन करून बोलावलं होतं. आलेसुद्धा, बिचारे.

आता मुद्द्याचं, जे तो किटवाला तुला सांगणार नाही कारण त्याचं पुस्तक सगळ्यांना एकच असतं. माझं पाणी आणि तुझं पाणी वेगळं आहे. आमच्या बोअरचं पाणी म्हणजे कुकरला पांढरा थर, तूरडाळ चार शिट्ट्यांत पण टरटरीत. पीएच (पाणी आम्ल का खारं ते सांगणारा आकडा, ७ म्हणजे मधलं) ८.२. चिपळूणला तुझ्याकडे आले होते तेव्हा आठवतंय, साबणाचा फेस अंगावरनं जाता जात नव्हता आणि डाळ दोन शिट्ट्यांत मेण. ते जांभ्यातलं मऊ पाणी. ह्या दोन पाण्यांची दुखणी उलटी आहेत.

माझं दुखणं असं की पीएच जास्त असला की तोच अमोनिया जास्त विषारी होतो. ३० डिग्रीला पीएच ७ असताना त्यातला जेमतेम एक टक्का मारक रूपात असतो, ८ ला तेच सात टक्क्यांवर जातं. माझी पिल्लं त्यामुळेच एवढी पटापट गेली. वर मी अजून शहाणपणा केला होता, वाफा छान दिसावा म्हणून वरच्या थरात नर्सरीतले पांढरे गोटे टाकले होते, ते निघाले संगमरवराचे! पीएच खाली येणार कसा. तेव्हापासनं कुठलाही दगड आणला की आधी त्यावर व्हिनेगर टाकते, फसफसला की परत. आपली साधी काळी खडी, २० एमएमची, धुऊन घेतलेली, सगळ्यात उत्तम आणि मातीच्या भाजलेल्या गोळ्यांपेक्षा कितीतरी स्वस्त. धुताना मात्र कंबर मोडते. आणि वजन लक्षात ठेव, माझ्या वाफ्यात अर्धा टन खडी आहे, पाणी धरून सगळं सव्वा टन होतं, भावजी गच्चीचं काही बोलले तर तिथेच थांबव.

गोटे काढले, पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी धरून भरीला घातलं, आणि बॅक्टेरियाचं काम चालू झालं की ते स्वतःच पाणी हळूहळू आम्ल करत जातात, तसं आता ७.३-७.४ ला टेकलंय. तरी लोह हा प्रॉब्लेम आहेच. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की समज लोह कमी. कृषी सेवा केंद्रातनं आधी ईडीटीए वालं लोहखत आणलं, आमच्या पीएचला ते टिकतच नाही. मग ईडीडीएचए वालं ६ टक्के, वीस ग्रॅम, पाणी रंगपंचमीसारखं लाल झालं, सासूबाई घाबरल्या, पण दहा दिवसांत नवी पानं हिरवी. मिक्स मायक्रोन्यूट्रिएंट मात्र आणू नको, त्यात तांबं असतं आणि ते माशांना बाधतं.

तुझ्याकडे उलटं होणार. मऊ पाण्यात आम्ल झेलायला काही नसतंच, म्हणून बॅक्टेरिया जोरात आले की पीएच एकदम घसरतो, आणि सहाच्या खाली गेला की तेच बॅक्टेरिया काम बंद करतात. मग परत अमोनिया. वरनं सगळं छान दिसत असतं, पाणी काचेसारखं, आणि एक दिवस मासे खाणं सोडतात. ह्याला औषध तुझ्या कचऱ्यातच आहे. तिसऱ्यांची (शिंपल्यांची) आमटी केली की शिंपा फेकायच्या नाहीत, उकळून, घासून जाळीच्या पिशवीत घालून टाकीत लटकवायच्या. पीएच खाली गेला की त्या विरघळतात, वर आला की थांबतात. म्हणजे जे माझ्या संगमरवराने मला छळलं तेच तुला तारणार. घाई असेल तर खायचा चुना बादलीत विरघळवून थोडा थोडा, पण थोडा म्हणजे थोडा गं, एका दिवसात पीएच उडवला तर माशांना तो झटका सोसत नाही.

सायफनचं लिहायचं राहिलं. वाफा भरला की आपोआप रिकामा व्हावा म्हणून त्यात घंटेसारखा पाइप असतो, मध्ये इंचाचा उभा पाइप, त्यावर पालथा घातलेला अडीच इंची, वरनं टोपण बंद, खाली खाचा. पाणी चढत चढत एका ठिकाणी पोचलं की गुडगुड करून सगळं खाली ओढलं जातं, मुळांना हवा मिळते. माझ्या आजीकडे तो पितळी प्याला होता ना, वसुदेवाच्या डोक्यावर कृष्ण, पाणी बाळाच्या पायाला लागलं की प्याला रिकामा, तोच हिशोब. मी तीन रविवार त्या पाइपात घालवले. सुरू न होता नुसतं ठिबकत राहिलं तर उभ्या पाइपच्या तोंडाला रिड्यूसर लाव, नरसाळ्यासारखा, लगेच धरतं. आणि थांबतच नसेल तर पंपाचा वेग जास्त आहे, वॉल्व्ह थोडा आवळ. आता मला त्या गुडगुडीशिवाय दुपारची झोप लागत नाही.

खाणं कमी. हे मी मोठ्या अक्षरात लिहिलं असतं. वाफ्याला बघून खाणं द्यायचं, माशांच्या तोंडाला बघून नाही, ते तर कायमच उपाशी असल्यासारखे येतात, आमच्या बंड्यासारखे. पालेभाजीला चौरस मीटरमागे दिवसाला ४०-५० ग्रॅम खाणं हा हिशोब आहे, माझा वाफा सव्वा मीटरचा, म्हणजे ५०-६० ग्रॅम, बस. पाच मिनिटांत संपलं नाही तर उरलेलं काढायचं.

आणि लाइट. पंप ४० वॉटचा आहे, दिवसाला एक युनिट, त्याचं काही नाही, पण लाइट गेली की हवा बंद. मागच्या मेमध्ये ४३ डिग्री, रात्री दोनला लाइट गेली, गरम पाण्यात मुळात ऑक्सिजन कमी मावतो, मी सकाळी सहापर्यंत मग्याने पाणी वरनं ओतत बसले होते, शेजारच्या काकू गच्चीतनं "काय करालीस गं एवढ्या रात्री" म्हणून. दुसऱ्या दिवशी हवेचा पंप इन्व्हर्टरला जोडला आणि वर शेडनेट बांधली. तू पहिल्या दिवशीच जोड.

भाजीचं विचारलं होतंस. पालक, पुदिना, कोथिंबीर सोपी, मेथी मला नीट जमली नाही. टोमॅटो येतो पण पहिल्या वर्षी नको. अळू लाव अळू! सोलापुरात अळू, तो पण सुपाएवढा, सासूबाईंनी त्या दिवसापासनं माशांना स्वतःच्या हाताने खाणं घालायला सुरुवात केली. वड्या करून अख्ख्या गल्लीत वाटल्या, कशावर वाढलाय ते मात्र कोणाला सांगितलं नाही. मावा पडला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवायचा, पिवळे चिकट सापळे टांगायचे, औषध एक थेंब मारायचं नाही, ते सगळं खाली माशांतच उतरतं.

तुम्ही खाणारे, म्हणून भावजींना वाटत असेल की मासळी घरचीच. त्यांना सांग, माझ्याएवढ्या टाकीत पाच-सहा किलोच्या वर मासे ठेवू नयेत, आणि चिलापी (तिलापिया) पानात यायच्या आकाराची व्हायला सहा-आठ महिने जातात. म्हणजे वर्षातनं थोडे रविवार. बाजारात जाणं सुटत नाही. चिलापीला परवानगी लागते, तेव्हा बोटुकली आणायच्या आधी मत्स्यव्यवसायच्या ऑफिसात विचारून घ्या. ही चिलापी १९५२ ला भारतात आणली म्हणे, आता आमच्या उजनी धरणात जिकडे तिकडे तीच. मांगूर देतो म्हणाला कोणी तर आफ्रिकन मांगूरवर बंदी आहे, नाही म्हणायचं.

तुझ्याकडे वर छप्पर लागेलच, नाहीतर चिपळूणचा पाऊस एका रात्रीत टाकी वाहवून मासे ओढ्यात सोडेल. जागा पण २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं ते बघून, त्याच्या वर धर. टाकीवर बारीक जाळी घाल, खंड्या आणि बगळे तर आहेतच, पण दिवड येते माशांच्या वासाला, ओरडू नको, विषारी नसते. वांदरांचं काय करायचं ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

तर आता असं कर. मकरंद १४ तारखेला इकडे यायचाय ना लग्नाला, त्याच्याबरोबर विहिरीच्या पाण्याची एक लिटरची बाटली दे, गळ्यापर्यंत भरून, बूच घट्ट. दुसरीत नळाचं दे. मी इथे केएच (पाण्याची आम्ल झेलायची ताकद) आणि पीएच तपासून कळवते, मग किट घ्यायचं का नाही ते बघू. परत येताना त्याच्याकडे थोडे अळूचे कंद देते, तुमच्याकडे मिळतात माहितीये मला, पण हे माझे आहेत.

तुझी,
मंगल

ता.क. कोईतली जी तीन जगली ती अजून आहेत, हातभर झालीयेत. सासूबाईंनी एकीचं नाव सुलभा ठेवलंय. मी नाही सुचवलं.